कैलासवासी वसंतराव नाईक

परभणीच्या कृषि विद्यापीठावरून जातां-येतां तेथील पाटीवरचें नांव आम्ही नित्य वाचतों. परंतु तें ज्यांचें नांव, त्या वसंतराव नाइकांनीं काय केलें, हें आमच्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वसंतरावांचा जन्म ता. १ जुलै १९१३ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांत, गहुली ह्या लहानशा गांवीं, एका बंजारा कुटुंबांत झाला. शाळेसाठीं त्यांना लहानपणींच घर सोडून गांवोगांव राहावें लागलें. पुढें नागपूर येथें कायद्याची परीक्षा देऊन ते वकील झाले. परंतु त्यांचें मन शेतांतच रमे. ता. ५ डिसेंबर १९६३ रोजीं ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले व अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले.

त्या दिवसांत देशांत धान्याची मोठी टंचाई होती. परदेशांतून गव्हाचीं जहाजें आलीं तरच कित्येकांची चूल पेटे. १९६५ सालीं पुण्यास शनिवारवाड्यापुढें वसंतरावांनीं प्रतिज्ञा केली कीं, दोन वर्षांत राज्य धान्याच्या बाबतींत स्वावलंबी न झाल्यास आपण फांशी जाण्यासही तयार आहों. मग त्यांनीं संकरित ज्वारीच्या बियाण्याचा, खतांचा व विहिरींचा प्रसार नेटानें केला. ह्या ज्वारीचें पीक भरघोस येई. पण तिची भाकर पुष्कळांस रुचत नसे, व कणसें पावसांत सांपडलीं कीं दाणे काळे पडत.

अशांत १९७२ चा भयंकर दुष्काळ आला, आणि धान्याच्या स्वावलंबनाचें स्वप्न मोडलें. परंतु वसंतराव खचले नाहींत. भुकेल्यास केवळ दान न देतां काम द्यावें, असें धोरण राज्यानें धरिलें. तलाव, बांध व रस्ते यांच्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. तेथें सुकडी नांवाचें पौष्टिक खाद्यही वांटलें जाई. ह्याच अनुभवांतून पुढें रोजगार हमीचा कायदा झाला.

त्याच वर्षीं, ता. १८ मे १९७२ रोजीं, परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. वसंतराव ता. १८ ऑगस्ट १९७९ रोजीं सिंगापूर येथें निवर्तले. महाराष्ट्रांत त्यांचा जन्मदिवस कृषिदिन म्हणून पाळतात, आणि २०१३ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीस, विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें.

पोट भरलें म्हणजे पोषण झालें, असें मात्र नव्हे. दोन वेळां भाकर मिळूनही मुलें फिकटलेलीं व अशक्त राहतात, कारण अन्नांत लोह व जस्त हीं द्रव्यें अपुरीं असतात. ह्याच विद्यापीठानें २०१८ सालीं 'परभणी शक्ति' नांवाचें ज्वारीचें वाण प्रसारित केलें. त्याच्या दाण्यांत हीं दोन्हीं द्रव्यें साधारण ज्वारीहून अधिक आहेत. वसंतरावांची चिंता धान्याच्या राशीची होती. आतां चिंता त्या राशींतील सत्त्वाची आहे.

प्रतिज्ञा दुष्काळानें हाणून पाडली तरी काम सोडूं नये, हाच धडा आम्हांस ह्या चरित्रांत दिसतो. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलें शेतकऱ्यांचीं आहेत. राहिलेलें काम त्यांनीं हातीं घ्यावें, आणि पालकांनींही मुलांच्या ताटाकडे ह्या दृष्टीनें पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.