निराश्रितांची माउली : पंडिता रमाबाई

दुष्काळ म्हणजे काय, हें पंडिता रमाबाईंना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. त्यांचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे रूढीस न जुमानतां स्त्रियांना संस्कृत शिकविणारे विद्वान् होते. पुराणें सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडे. पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. होतें नव्हतें तें विकून झालें, रानांतला पाला खाण्याची वेळ आली, आणि १८७४ सालीं कांहीं आठवड्यांच्या अंतरानें आईबाप दोघेंहि निवर्तलीं. रमाबाई तेव्हां सोळा वर्षांच्या होत्या. वडील भाऊ पाठीशीं होता, म्हणूनच त्यांचा निभाव लागला.

कलकत्त्याच्या विद्वानांनीं १८७८ सालीं त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढें विवाह झाला. परंतु १८८२ सालीं पति वारले आणि तान्ही मनोरमा पदरीं राहिली. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेंतील स्नेह्यांचें साहाय्य मिळवून ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांकरितां शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं धर्मांतराच्या शंकेनें पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. तरी सदन बंद पडलें नाहीं.

खरी कसोटी पुढेंच होती. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथें गेल्या. दुष्काळी छावण्यांत निराधार मुलींना उपासापेक्षांहि मोठें भय असल्याचें त्यांना दिसलें. अन्नाची लालूच दाखवून त्यांना फसविणारीं दुष्ट माणसें तेथेंच टपलेलीं असत. मूठभर धान्यानें पोट भरे, पण मुलींचें रक्षण कोणी करावें? सुमारें तीनशें मुली व स्त्रियांना रमाबाईंनीं आपल्या आश्रयास आणलें. प्लेगमुळें त्यांना पुण्यांत ठेवतां येईना, तेव्हां केडगांवच्या माळावर तात्पुरता निवारा उभारला. त्यांतूनच मुक्तिसदन निर्माण झालें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारें दोन हजारांवर गेली.

एवढ्यांना केवळ जेवूं घालून रमाबाई थांबल्या नाहींत. प्रत्येकीला अक्षरओळख व हाताला काम मिळे. कोणी मागावर बसे, कोणी शेतीं राबे, कोणी छापखान्यांत खिळे जुळवी. अंध मुलींना बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपी शिकवीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांना जगानें दार लावलें होतें. त्यांच्यासाठीं कृपासदन उघडलें. दुसऱ्याच्या दयेवर जगणाऱ्या मुलीला पुन्हां कोणीहि फसवूं शकतो. स्वतःच्या श्रमानें भाकरी मिळविणारीला फसविणें अवघड, हें त्यांनीं पुरतें ओळखलें होतें.

१९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेवला. केडगांवचें कार्य मात्र आजहि चालू आहे.

विद्यार्थ्यांनो, जत्रेंत किंवा स्टेशनावर एकटें, भेदरलेलें मूल दिसलें, तर हातावर पैसा ठेवून पुढें जाऊं नका. जवळच्या विश्वासू वडीलधाऱ्यांना बोलवा आणि तें सुरक्षित हातीं पडेपर्यंत तेथून हलूं नका. आणि पालकहो, शेजारच्या घरीं आई गेली, बापाचा रोजगार बुडाला, तर तेथील मुलें सायंकाळीं कोठें असतात याची चौकशी आपण करावी. संकट आल्यावर धांवण्यापेक्षां तें येण्यापूर्वीं दार उघडें ठेवणें, ही रमाबाईंची खरी आठवण होय.