विश्लेषण : वजीर देऊन तीन प्याद्यांवर डाव जिंकणारे ला बूर्दोने कोण होते?

बुद्धिबळाची पहिली अधिकृत जागतिक लढत १८८६ मध्ये झाली. त्याच्या ५० वर्षे आधी जगातील सर्वोत्तम खेळाडू मानले जात ते फ्रान्सचे लुई-शार्ल माहे दे ला बूर्दोने. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारे फ्रेंच सेनानी ला बूर्दोने हे त्यांचे आजोबा. नातवाकडे मात्र घरची श्रीमंती टिकली नाही. पैसा गेला आणि हौसेचा खेळ पोटापाण्याचा धंदा झाला.

लंडनचे ८५ डाव

१८३४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबमध्ये बेलफास्टचे अलेक्झांडर मॅकडॉनेल यांच्याशी त्यांचे ८५ डाव रंगले. ला बूर्दोने ४५ जिंकले, २७ हरले, १३ बरोबरीत सुटले. बुद्धिबळाचे घड्याळ तेव्हा नव्हते. मॅकडॉनेल एकेका चालीवर ताटकळत ठेवत, ला बूर्दोने झटपट खेळत. विल्यम ग्रीनवूड वॉकर चाली टिपून ठेवत, म्हणूनच हे डाव आज पाहता येतात.

६२ वा डाव एवढा गाजला का?

काळी मोहरी ला बूर्दोनेंकडे होती. राजासमोरच्या पांढऱ्या प्याद्याला त्यांनी वजिराकडील उंटासमोरचे प्यादे पुढे करून उत्तर दिले. हाच सिसिलियन बचाव. चौथ्या चालीला त्यांनी राजासमोरचे प्यादेही दोन घरे सारले. अशाने मागे कच्ची घरे राहतात, पण मधल्या पट्ट्यात प्याद्यांची फळी उभी राहते. मॅकडॉनेल यांनी वजिराकडच्या बाजूने हल्ला चढवला, त्यांचे एक प्यादे सातव्या ओळीपर्यंत पोहोचलेही. तोवर काळी प्यादी सुटली होती. ३६ व्या चालीला ला बूर्दोनेंनी हत्तीच्या बदल्यात चक्क वजीर दिला. ३७ व्या चालीनंतर त्यांची तीन प्यादी शेजारी शेजारी, वजीर होण्यापासून एकच घर दूर. समोर पांढरा वजीर शाबूत होता, तरी तिघांना अडवणार कसे? मॅकडॉनेल यांनी डाव सोडला. पटावरचे ते शेवटचे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही.

पुढे काय झाले?

पुढच्याच वर्षी मॅकडॉनेल मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. ला बूर्दोनेंनी १८३६ मध्ये 'ल पालामेद' हे बुद्धिबळाला वाहिलेले जगातील पहिले नियतकालिक काढले. पण कर्ज आणि आजारपण पाठ सोडेना. १८४० मध्ये खेळून चार पैसे मिळवण्यासाठी ते पुन्हा लंडनला आले. पटावर बसण्याइतकी ताकद उरली नव्हती. जॉर्ज वॉकर या चाहत्याने शुश्रूषेचा भार उचलला. डिसेंबरात त्यांचे निधन झाले. केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांना पुरले. मॅकडॉनेल यांची कबरही तिथेच आहे.