मृगाचा तेजोमेघ टिपणारे डॉ. हेन्री ड्रेपर

हिवाळ्याच्या निरभ्र रात्रीं मृगनक्षत्राच्या पोटांत रुतलेल्या बाणाखालीं लक्षपूर्वक पाहिल्यास एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, तेजोमेघ होय. पूर्वींचे ज्योतिषी दुर्बिणींतून पाहून त्याचें चित्र हातानें काढीत. परंतु दोघांचीं चित्रें जुळतील तर शपथ! त्याचें पहिलें छायाचित्र घेतलें तें अमेरिकेंतील एका हौशी वैद्यानें.

हेन्री ड्रेपर यांचा जन्म ता. ७ मार्च १८३७ रोजीं व्हर्जिनिया प्रांतांत झाला. विसाव्या वर्षींच त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास संपविला, परंतु पदवीस वय कमी पडलें. म्हणून ते युरोपच्या प्रवासास गेले. आयर्लंडांत लॉर्ड रॉस यांची सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण पाहून, अशा दुर्बिणीस छायाचित्रणाची जोड द्यावी, असें त्यांच्या मनानें घेतलें.

घरीं परतल्यावर हडसन नदीच्या कांठीं त्यांनीं वेधशाळा बांधिली. स्वतः घासून तयार केलेला धातूचा आरसा पाण्याचे थेंब गोठल्यामुळें दुभंगला. तेव्हां जॉन हर्शेल यांच्या सल्ल्यावरून त्यांनीं चांदीचा मुलामा दिलेले कांचेचे आरसे करण्यास आरंभ केला. दिवसा अध्यापन आणि रात्रीं आकाश, असा त्यांचा क्रम असे. १८६७ सालीं विवाह झाल्यावर पत्नी ॲना याही या कामांत सहभागी झाल्या. छायाचित्राच्या कांचांवर द्रव्याचा लेप त्याच देत.

ही ओली कांच थोड्याच मिनिटांत वाळे. तेजोमेघाचा प्रकाश इतका मंद, कीं तेवढ्या अवधींत कांचेवर कांहींच उमटेना. पुढें कोरड्या कांचा निघाल्या आणि अडचण फिटली. मात्र आकाश सारखें फिरत असल्यामुळें घड्याळी यंत्रानें दुर्बिणीसही त्याच्याबरोबर फिरवावें लागे; यंत्र किंचित चुकलें तरी ताऱ्याची रेघ व्हावयाची! ता. ३० सप्टेंबर १८८० रोजीं ५१ मिनिटें प्रकाश घेऊन त्यांनीं मृगाचा तेजोमेघ टिपला. मार्च १८८२ मध्यें तर १३७ मिनिटें कांच उघडी ठेविली, आणि पहिल्या चित्रांत न आलेले कित्येक मंद तारे तीवर उमटले.

त्याच वर्षीं शरदऋतूंत शिकारीस गेले असतां त्यांना थंडी बाधली, आणि ता. २० नोव्हेंबर रोजीं, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. ॲनाबाईंनीं १८८६ पासून हार्वर्ड वेधशाळेस त्यांच्या स्मरणार्थ द्रव्यसाह्य केलें. त्यांतून २,२५,३०० ताऱ्यांची ड्रेपर-सूची तयार झाली. तिचा पहिला भाग १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. ॲनाबाई त्यापूर्वीं चार वर्षें निवर्तल्या होत्या.