प्रेमचंद रायचंद आणि शेअरची दर्शनी किंमत

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरचे घड्याळ पाहून रोज कितीतरी माणसे पाऊल उचलतात. पण ज्यांच्या देणगीतून तो उभा राहिला, त्या प्रेमचंद रायचंदांनी मुंबईला शेअर-भांडवलाचा केवढा महाग धडा दिला, याचे स्मरण फार थोड्यांना असते.

१८३१ साली सुरतेत जन्मलेले प्रेमचंद मुंबईत आले आणि तरुण वयातच कापसाचे व शेअरांचे अग्रगण्य दलाल झाले. इंग्रजी जाणणारे पहिले देशी दलाल, असा त्यांचा लौकिक होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. हा पैसा जिरवण्यासाठी बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतल्या अनेकींच्या मागे प्रेमचंदांचे नाव होते.

हिशेबनीसाला ठाऊक असलेला एक साधा भेद या धामधुमीत शहर विसरले. दर्शनी किमतीपोटी भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम हे कंपनीचे वसूल भांडवल. एकदा वाटलेला शेअर पुढे बाजारात दसपट भावाने विकला गेला, तरी तो नफा विकणाऱ्याचा. कंपनीच्या तिजोरीत त्यातला छदामही येत नाही. कंपनीने स्वतःच अधिमूल्याने शेअर विकले, तर ते अधिमूल्य आजही भांडवलात न मिसळता निराळ्या खात्यात दाखवावे लागते. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला, तेव्हा तिच्या वाट्याचा बहुतेक समुद्र अजून समुद्रच होता!

भाव चढवणे हा दलालाचा धंदाच आहे. म्हणून सारा दोष प्रेमचंदांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खरा अपराध बँक ऑफ बॉम्बेचा. सरकार स्वतः जिची भागधारक, त्या बँकेने चढत्या भावाचे शेअर तारण घेऊन, आणि प्रेमचंदांच्या शब्दावरही, मुक्तहस्ताने कर्जे दिली. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा देणे कोणालाच भागवता येईना. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँकेचा शेअर ८७ वर आला. ज्यांच्या शेअरांवर अर्धीमुर्धीच रक्कम भरलेली होती, त्यांना उरलेल्या हप्त्यांच्या नोटिसा आल्या. कारण दर्शनी किंमत हे भागधारकाने पत्करलेले देणेही असते, आणि बाजारभाव पडला म्हणून ते घटत नाही. बँकेच्या भांडवलाचा बहुतेक भाग बुडाला, १८६८ मध्ये ती मोडीत निघाली आणि चौकशी आयोग बसला.

प्रेमचंदांचे वैभव गेले. पण ते पळाले नाहीत, पुन्हा धंद्यात उभे राहिले आणि १९०६ मध्ये वारले. भरभराटीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला त्यांनी आईचे नाव दिले. तो पुरा झाला १८७८ साली, म्हणजे ज्या कंपन्यांच्या भावावर ती श्रीमंती उभी होती, त्यांतल्या बहुतेक बुडाल्यानंतर.