धरती आबा बिरसा मुंडा आणि जमिनीची लढाई

१५ नोव्हेंबर आला की डोक्याला फेटा बांधलेल्या बिरसा मुंडांचा फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतो. आपण तो पुढे पाठवतो, खाली 'जोहार' आणि 'जय भीम' लिहितो. पण वयाची पंचविशीही पूर्ण न केलेला हा तरुण तुरुंगात का मेला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

बिरसांचा जन्म १८७५ साली छोटानागपुरातल्या उलिहातू गावी झाला. आज हे गाव झारखंडच्या खुंटी जिल्ह्यात आहे. वडील सुगना, आई करमी. घरात अठराविश्वे दारिद्र्य. कामाच्या शोधात कुटुंब गावोगाव फिरे आणि लहानगा बिरसा मेंढ्या राखत असे.

हे दारिद्र्य मुंडांच्या नशिबी जन्मापासून नव्हते, ते लादलेले होते. ज्या कुळाने जंगल साफ करून गाव वसवले, त्या कुळाची ती सामाईक जमीन, अशी त्यांची खुंटकट्टी पद्धत होती. इंग्रजी राजवटीत बाहेरून जमीनदार, ठेकेदार, सावकार आले. मुंडा त्यांना 'दिकू' म्हणत. जमिनीचे मूळ मालक आपल्याच शेतात कूळ झाले आणि वर वेठबिगारीही करू लागले. मुंडा सरदारांनी कित्येक वर्षे अर्ज केले, कोर्टकचेऱ्या केल्या. पदरी काहीच पडले नाही.

बिरसा चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकले. त्यासाठी कुटुंबाने ख्रिस्ती धर्मही घेतला होता. पण जमिनीच्या प्रश्नावर मिशन सरदारांच्या पाठीशी उभे राहत नाही, हे दिसल्यावर त्यांनी मिशन सोडले. पुढे काही काळ ते वैष्णव प्रभावाखाली होते. शेवटी १८९५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची वाट धरली. दारू सोडा, बळी देऊ नका, भुताखेतांना भिऊ नका, स्वच्छ राहा, हे ते गावोगाव सांगू लागले. आजाऱ्यांची सेवा करू लागले. लोक त्यांना 'धरती आबा', म्हणजे पृथ्वीचा पिता, म्हणू लागले.

लोक एकत्र येताहेत हे पाहून सरकार घाबरले. ऑगस्ट १८९५ मध्ये बिरसांना पकडून दोन वर्षांची शिक्षा देण्यात आली. सुटून आल्यावर त्यांनी डोंगरांत रात्रीच्या सभा घेतल्या आणि १८९९ च्या नाताळात उलगुलान, म्हणजे महाउठाव, पेटला. ७ जानेवारी १९०० ला खुंटीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला झाला. दोनच दिवसांनी सैल रकब डोंगरावर फौजेने गोळीबार केला. धनुष्यबाण आणि बंदुका यांची ती लढाई होती. बिरसांच्या प्रभावाने गोळ्यांचे पाणी होईल, अशी अनेकांची श्रद्धा होती. गोळ्यांचे पाणी झाले नाही. स्त्रियांसह अनेक जण मारले गेले.

बिरसांवर ५०० रुपयांचे इनाम होते. फेब्रुवारीत ते पकडले गेले आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. सरकारी नोंदीत कारण लिहिले गेले कॉलरा. त्यावर त्यांच्या लोकांनी कधीच विश्वास ठेवला नाही.

उठाव मोडला, पण प्रश्न दाबता आला नाही. सरकारला जमिनीची मोजणी करावी लागली आणि १९०८ मध्ये छोटानागपूर कुळकायदा आला. त्याने खुंटकट्टी हक्कांना मान्यता दिली आणि आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाण्याला आळा घातला. याच कायद्यात बदल करण्याची विधेयके २०१६ मध्ये झारखंड विधानसभेत मंजूर झाली, तेव्हा आदिवासी पुन्हा रस्त्यावर उतरले. २०१७ मध्ये राज्यपालांनी ती परत पाठवली. शंभर वर्षांनंतरही हाच कायदा त्यांची ढाल होता.

आम्हाला बिरसांच्या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, माणसाला देव केले की त्याचे काम विसरणे सोपे होते. राजकारणातल्या भक्तीचा धोका बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितला होता, तो आपण स्वतःलाही लावून पाहिला पाहिजे. बिरसांना 'भगवान' म्हणणाऱ्या कितीतरी सत्ताधाऱ्यांना त्यांच्या जमिनीच्या मागणीबद्दल बोलायचे नसते.

दुसरी, जमीन वाचवायची तर कायदा आणि कागद कळला पाहिजे. महाराष्ट्रातही आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाण्यावर महसूल कायद्यात निर्बंध आहेत, वनहक्काचा कायदा आहे. आपल्या तालुक्यातला एखादा वनहक्क दावा अडला असेल, तर लिहिता-वाचता येणारा भीमसैनिक त्या आदिवासी भावाबहिणीसोबत तहसील कचेरीत गेला पाहिजे. १५ नोव्हेंबरला फोटो जरूर लावू. पण १६ तारखेला ते काम हाती घेऊ.

धरती आबांना विनम्र अभिवादन. जोहार! जय भीम!