शनिवारवाडा बांधला खरा, पण बाजीराव तिथं राहिले तरी किती?

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा रोज कुणाच्या ना कुणाच्या रीलमध्ये दिसतो. पण ज्यांनी हा वाडा उभा केला, त्या थोरल्या बाजीरावांच्या वाट्याला तो फारसा आलाच नाही.

बाळाजी विश्वनाथांचे थोरले चिरंजीव बाजीराव १७२० साली पेशवे झाले. वय अवघं १९. दरबारातल्या जुन्याजाणत्यांना ही निवड रुचली नव्हती, पण शाहू महाराज ठाम राहिले. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी निजामाला असं कोंडीत पकडलं की त्याला मुकाट्यानं तह करावा लागला.

मग सासवडहून मुक्काम हलला पुण्याला. १० जानेवारी १७३० ला वाड्याचा पाया घातला, वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ ला. दोन्ही दिवस शनिवार. खर्च आला १६,११० रुपये.

बाहेरून पाहिलं तर हा वाडा कमी आणि भुईकोट जास्त. नऊ बुरूज, पाच दरवाजे. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे शोभेसाठी नाहीत. हत्तीनं धडक देऊन दार फोडू नये, म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत. आज दिसणारा तट मात्र पूर्ण झाला तो पुत्र नानासाहेबांच्या काळात.

कारण बाजीराव कायम घोड्यावर. १७३७ मध्ये ते थेट दिल्लीच्या वेशीवर धडकले. वर्षअखेरीस भोपाळला पुन्हा निजामाला घेरलं.

इकडे घरात वेगळीच लढाई सुरू होती. वाड्यात मस्तानीच्या नावाचा दरवाजा होता, पण घरच्यांनी तिला कधी स्वीकारलं नाही. १७४० च्या सुरुवातीला बाजीराव मोहिमेवर असताना तिला पुण्यात कैदेत ठेवलं गेलं. दिल्लीला धडकी भरवणाऱ्या पेशव्यांना घरचा हा पेच काही सोडवता आला नाही.

२८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला तापानं त्यांचं निधन झालं. वय ३९. पाठोपाठ त्याच वर्षी मस्तानीही गेली. त्यांची समाधी रावेरखेडीला, तिची कबर पाबळला.

१८२८ च्या आगीत वाड्याचे लाकडी मजले जळाले. उरले तट, दरवाजे आणि जोती. पुढच्या वेळी दरवाजापाशी रील झाली की आत जाऊन ती जोतीही बघा. बाजीरावांचं घर तिथं होतं.