विश्लेषण : हस्तिदंती मुठीचे ‘कोल्ट’ आणि जनरल पॅटन… दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या रिव्हॉल्व्हरने एक सेनापती कसा घडवला?

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सेनापती जॉर्ज पॅटन यांचे कोणतेही गाजलेले छायाचित्र पाहिले, तर दोन गोष्टी हमखास दिसतात. डोक्यावर चकाकणारे हेल्मेट आणि कमरेला पांढऱ्या मुठीचे रिव्हॉल्व्हर. हे रिव्हॉल्व्हर त्यांनी जनरल झाल्यावर मिरवण्यासाठी घेतले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते त्यांनी १९१६ मध्ये घेतले होते. तेव्हा ते तीस वर्षांचे साधे सेकंड लेफ्टनंट होते आणि त्यांना कोणी ओळखत नव्हते. खरेदीनंतर दोन-अडीच महिन्यांतच हे चित्र बदलले.

पॅटन तोवर काय करत होते?

पॅटन यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८५ रोजी कॅलिफोर्नियातील एका सधन घरात झाला. घराण्यात लष्करी परंपरा होती आणि आजोबा अमेरिकी यादवी युद्धात पडले होते. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत गणितात नापास झाल्याने पॅटन यांना पहिले वर्ष पुन्हा करावे लागले. १९०९ मध्ये ते पदवी घेऊन घोडदळात दाखल झाले.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन हा खेळ प्रथमच आला. नेमबाजी, पोहणे, तलवारबाजी, घोडेस्वारी आणि धावणे अशा पाच प्रकारांच्या या स्पर्धेत पॅटन पाचवे आले. गंमत म्हणजे ते मागे पडले ते नेमबाजीत. बहुतेक स्पर्धकांनी पॉइंट २२ कॅलिबरचे पिस्तूल वापरले, तर पॅटन यांनी लष्करी वापराच्या जवळचे पॉइंट ३८. पंचांच्या मते त्यांची एक गोळी लक्ष्याला लागलीच नाही. पॅटन यांचे म्हणणे होते की ती आधीच्या भोकातूनच आरपार गेली. मोठ्या गोळीने मोठे भोक पडते, त्यामुळे हा दावा अगदीच हास्यास्पद नव्हता. पण निकाल बदलला नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी आखलेली सरळ पात्याची तलवार अमेरिकी घोडदळाने स्वीकारली. म्हणजे शस्त्राची रचना, तोल आणि पकड यात त्यांना खरोखर गती होती. ही केवळ हौस नव्हती.

४३ वर्षे जुन्या रचनेचेच रिव्हॉल्व्हर का?

१९१५ मध्ये पॅटन यांची नेमणूक टेक्सासमध्ये, मेक्सिकोच्या सीमेवरील फोर्ट ब्लिस येथे झाली. जवळचे शहर एल पासो. तिथल्या एका शस्त्रविक्रेत्याकडे कोल्ट कंपनीने मार्च १९१६ च्या सुरुवातीला एक खास रिव्हॉल्व्हर पाठवले. ‘सिंगल अॅक्शन आर्मी’ हे मॉडेल, पॉइंट ४५ कॅलिबर, पावणेपाच इंची नळी, अंगभर नक्षीकाम आणि हस्तिदंती मूठ. मुठीवर पॅटन यांची आद्याक्षरे.

हे मॉडेल अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारले होते. काउबॉय चित्रपटांत दिसते ते हेच. पण १९१६ मध्ये ते लष्कराचे अधिकृत शस्त्र राहिले नव्हते. १९११ पासून सात गोळ्यांच्या मॅगझिनचे स्वयंचलित पिस्तूल आले होते. मग पॅटन यांना जुने का भावले? याचे उत्तर त्याच्या यंत्रणेत आहे.

‘सिंगल अॅक्शन’ म्हणजे ट्रिगर एकच काम करतो, हॅमर सोडण्याचे. हॅमर मागे ओढायचा तो अंगठ्याने. तो ओढला जात असताना सिलिंडर एक षष्ठांश फिरतो आणि पुढची गोळी नळीसमोर येते. या वेळी कोल्टमधून ओळीने चार टकटक आवाज येतात, ज्यावर शौकीन आजही फिदा असतात. हॅमर आधीच ताणलेला असल्याने ट्रिगरला अगदी थोडा दाब पुरतो आणि नेम हलत नाही. शिवाय मुठीचा बाक असा, की झटका बसताच रिव्हॉल्व्हर हातात वर वळते आणि अंगठा आपोआप हॅमरपाशी येतो. धावत्या घोड्यावर एका हाताने चालवायला हे सोयीचे. घोडदळातल्या माणसाला ते आवडले नसते तरच नवल.

तोटे मात्र दोन होते आणि दोन्ही गंभीर. पहिला म्हणजे हॅमरच्या टोकालाच काडतूस पेटवणारी पिन. हॅमर खाली असताना ती थेट काडतुसावर टेकते, त्यामुळे रिव्हॉल्व्हर पडले किंवा हॅमरला दणका बसला तर गोळी सुटू शकते. म्हणून जाणकार सहापैकी एक खाना रिकामा ठेवून हॅमर त्यावर टेकवत. म्हणजे हाती गोळ्या पाचच. दुसरा तोटा, गोळ्या भरण्याचा. बाजूचे छोटे झाकण उघडायचे, रिकामी काडतुसे दांडीने एकेक ढकलून काढायची आणि नवी एकेक घालायची. समोरून कोणी गोळ्या झाडत असेल तर हा वेळ फार मोठा.

१४ मे १९१६ : रुबिओजवळ काय घडले?

९ मार्च १९१६ रोजी मेक्सिकन बंडखोर नेता पांचो व्हिया याच्या माणसांनी सीमा ओलांडून न्यू मेक्सिकोतील कोलंबस गावावर हल्ला केला. त्याला पकडण्यासाठी जनरल जॉन पर्शिंग यांच्या नेतृत्वाखाली मोहीम निघाली. पॅटन यांच्या तुकडीचे नाव यादीत नव्हते. त्यांनी पर्शिंग यांच्याकडे इतका लकडा लावला, की अखेर त्यांना साहाय्यक म्हणून सोबत नेण्यात आले.

१४ मे रोजी पॅटन तीन डॉज मोटारी, दहा सैनिक आणि वाटाडे घेऊन घोड्यांसाठी मका विकत घ्यायला निघाले. रुबिओ परिसरात त्यांना संशय आला, की व्हियाचा विश्वासू अधिकारी हुलिओ कार्डेनास जवळच्या सान मिगेलितो रँचवर असावा. त्यांनी मोटारी वेगाने तिकडे नेल्या आणि वाड्याला वेढा दिला. अमेरिकी लष्कराने मोटारीतून जाऊन केलेला हा पहिला हल्ला मानला जातो.

फाटकातून तीन सशस्त्र घोडेस्वार बाहेर पडले. दुसऱ्या बाजूला सैनिक दिसताच ते वळले आणि गोळ्या झाडत थेट पॅटन यांच्या दिशेने आले. वीसेक यार्डांवरून पॅटन यांनी नव्या कोल्टमधून पाच गोळ्या झाडल्या. एक स्वार आणि एक घोडा जखमी झाला. आणि रिव्हॉल्व्हर रिकामे. पॅटन यांना भिंतीच्या कोपऱ्याआड जाऊन एकेक काडतूस भरावे लागले, तेही डोक्यावरच्या भिंतीत गोळ्या घुसत असताना.

भरून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या स्वाराचा घोडा पाडला, स्वार उठून उभा राहीपर्यंत थांबले आणि मग गोळी झाडली. तिसरा स्वार अनेकांच्या गोळ्यांनी पडला. पॅटन यांच्या गोळीने आधीच जखमी झालेला पहिला स्वार म्हणजेच कार्डेनास. त्याच्यावरची शेवटची गोळी मात्र एका वाटाड्याची होती. हे सर्व चालू असताना अंगणात काही माणसे गाय सोलत होती आणि त्यांनी हातातले काम थांबवले नाही.

तिन्ही मृतदेह मोटारींच्या बॉनेटवर बांधून पॅटन तळावर परतले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. तेव्हाच्या अमेरिकी वृत्तपत्रांनी मात्र त्यांना नायक केले. व्हिया काही मोहिमेच्या हाती लागला नाही, त्यामुळे या छोट्या चकमकीचा गाजावाजा अधिकच झाला. त्याच महिन्यात पॅटन यांना बढती मिळाली. हस्तिदंती मुठीवर त्यांनी दोन खाचा कोरल्या.

दुसरे रिव्हॉल्व्हर कधी आले?

रिकाम्या रिव्हॉल्व्हरची ती वेळ पॅटन विसरले नाहीत. १९३५ मध्ये त्यांनी स्मिथ अँड वेसनचे पॉइंट ३५७ मॅग्नम घेतले. मूठ पुन्हा हस्तिदंतीच. तोवर पहिल्या महायुद्धात रणगाडा दलाचे नेतृत्व करताना ते जखमीही झाले होते. दोन रिव्हॉल्व्हरवाला जनरल ही त्यांची ओळख याच जोडीमुळे झाली, जरी दोन्ही एकदम लावण्याचे प्रसंग दंतकथेत आहेत त्यापेक्षा कमीच. मूठ मोत्याच्या शिंपल्याची आहे असे कोणी लिहिले, की ते भडकत. त्यांच्या मते असला भपका सभ्य माणसाला शोभणारा नव्हता. हस्तिदंत भपकेबाज नाही, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

सिसिलीत ही प्रतिमा अंगलट कशी आली?

सैनिकांनी सेनापतीला दुरूनही ओळखावे, म्हणून पॅटन हा पोशाख विचारपूर्वक करत. पण ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीतील लष्करी रुग्णालयांत त्यांनी युद्धाच्या ताणाने खचलेल्या दोन सैनिकांना थपडा मारल्या. त्यातल्या एकाला तर मलेरियाही झाला होता. दुसऱ्या प्रसंगी त्यांनी पिस्तूल उपसून धमकावले. शत्रूसाठी असलेले शस्त्र आपल्याच आजारी सैनिकासमोर निघाले होते. आयझेनहॉवर यांनी त्यांना माफी मागायला लावली. त्यानंतर कित्येक महिने त्यांच्याकडे लढणारे सैन्य नव्हते. नॉर्मंडीच्या आक्रमणाआधी जर्मनांना चकवण्यासाठी उभारलेल्या बनावट सैन्याचे ते प्रमुख होते. जर्मनांनीही त्यावर विश्वास ठेवला, कारण पॅटन यांच्याशिवाय मोठा हल्ला होईल हे त्यांना पटत नव्हते.

१ ऑगस्ट १९४४ पासून त्यांच्या थर्ड आर्मीने फ्रान्समधून मुसंडी मारली आणि डिसेंबरमध्ये वेढ्यात अडकलेल्या बास्तोन्यपर्यंत वाट मोकळी केली. युद्ध संपल्यावर, ९ डिसेंबर १९४५ रोजी, जर्मनीत मॅनहाइमजवळ त्यांच्या मोटारीची ट्रकशी धडक झाली. मानेला गंभीर इजा झालेल्या पॅटन यांचे २१ डिसेंबरला हायडेलबर्गमध्ये निधन झाले. लक्झेंबर्गमधील हाम येथे, आपल्याच सैनिकांच्या कबरींसोबत त्यांची कबर आहे. एल पासोत घेतलेले ते कोल्ट पुढे केंटकीतील फोर्ट नॉक्स येथे त्यांच्या नावाच्या संग्रहालयात ठेवण्यात आले.